कमलापूरच्या चढावरचा वास

४ एप्रिल, शुक्रवार

आज गाडीतून धूर निघाला. विभा मागच्या सीटवर बसलेली असताना निघाला, हे आधी लिहितो, कारण दुसरं काही सुचत नाही.

कलबुर्गीहून विभाची तपासणी करून आम्ही तिघं परत यायलो होतो. कमलापूरच्या चढावर एक लॉरी पुढं रांगत होती, मी तिच्यामागं हळूहळू. तेवढ्यात जळका वास आला. नलिनी म्हणाली, "अहो, कायतरी जळायलंय." मी म्हणलं, शेतात कुणीतरी धसकटं पेटवली असतील. दोन मिनिटांत बोनेटच्या फटीतून धूर. गाडी बाजूला घेतली, लेकीला हाताला धरून खाली उतरवलं. तिला नववा लागलाय. पोटाला हात लावून ती बाभळीखाली उभी राहिली आणि माझ्याकडं बघेचना. पंधरा मिनिटांत धूर गेला, वास गेला, आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू झाली. तशीच ती हुमनाबादच्या घरापर्यंत आली.

गाडी कशासाठी घेतली ते या वहीला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी विभाच्या पहिल्या खेपेला जीप सांगून ठेवली होती. दहा मिनिटांत येतो म्हणणारा दीड तासानं आला. कलबुर्गीला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. मुलगी होती. त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झालो, साठाव्या वर्षी गाडी शिकलो आणि जुनी का होईना, स्वतःची गाडी दारात उभी केली. पुन्हा कुणाची वाट बघायची नाही. डॉक्टरीणबाईंनी पाच मे तारीख दिलीय. माझ्या हातात एक महिना आहे.

५ एप्रिल, शनिवार

हायवेवरच्या गॅरेजात गेलो. त्या माणसानं गाडी बघितली, मला बघितलं आणि विचारलं, "सर, क्लचवर पाय ठेवून चालवताव का?"

मी म्हणलं, "एकतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंय. माझा पाय कुठं आहे ते मला कळत नाही का?"

"उशिरा शिकलेल्यांचं व्हतंय सर तसं," म्हणाला आणि बाकीच्या गिऱ्हाइकांकडं बघून हसला. मी चावी उचलली आणि निघालो. ज्याला निदान येत नाही तो रोग्याला दोष देतो. गिअर टाकला की डावा पाय मी बाजूला चटईवर ठेवतो, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन.

वायरिंगचा संशय आहे.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. देवळातून घरी आलो तर एकाच पायात चप्पल. डावी वाटेत कुठं निसटली पत्ता नाही. नलिनी उंबऱ्यात उभी राहून हसायली. "मास्तर, एक चप्पल देवाला वाहिली का?" ह्या महिन्यातली दुसरी वेळ. हल्ली चपलांचे अंगठेच सैल येतात. बांधणीची नवी घ्यायला पाहिजे.

८ एप्रिल, मंगळवार

आज शास्त्रशुद्ध काम केलं. अंगणात घमेल्यात निखारे घेतले आणि एकेक वस्तू जाळून वास ताडून बघितला. वायरचं आवरण, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, ऑइलचं फडकं, काथ्या, वर्तमानपत्र. नलिनीला डोळे मिटून वास ओळखायला बसवलं, तर म्हणे, "माझं नाक काय शाळेची प्रयोगशाळा हाय का?" विभा खिडकीत बसली होती. पाचवा वास आला तसं तिथूनच म्हणाली, "अप्पा, हाच. कागदाचा. त्या दिवशी असाच होता." गरोदर बाईचं नाक तीक्ष्ण असतं, त्यामुळं हा पुरावा मी पक्का धरला.

आता गाडीत कागद कुठून? उंदीर. इंजिनाजवळ कागद कुरतडून घर केलं असणार. चढावर इंजिन तापलं की ते जळायलंय. दुपारभर मला फार बरं वाटलं.

मध्येच एक भलतंच झालं. नलिनी एकदम ओरडली, "अहो, पाय!" घमेल्यातला एक निखारा खाली पडला होता आणि म्हणे माझा पाय त्याच्यावर होता. मी उचलला. विझलेलाच असणार, कारण चटका बिटका काही बसला नाही. ती माझ्या तळपायाकडं बघत राहिली. "भाजलं न्हाई?" "नाही म्हणलं ना." हळद लावते म्हणाली, मी लावू दिली नाही. अनवाणी हिंडून माझे तळपाय चांगले घट्ट झालेत. तिनं निखारा चिमट्यानं उचलून पाण्यात टाकला, तर तो चरचरला. मग बाजूनं जिवंत असेल.

१२ एप्रिल, शनिवार

उंदीर सापडला. म्हणजे उंदीर नाही, पण त्याचा माग सापडला. क्लचच्या पेडलखाली चटईवर तांबूस डाग आहेत, वाळलेले. पेडलचं रबर कधीच गेलंय, लोखंडाची कड उघडी पडलीय. तिथं अडकून जखमी झालेला दिसतो. बोनेटमध्ये डांबरगोळ्या टाकल्या, पिंजऱ्यात भजं लावलं.

नलिनीला डाग दाखवले. ती म्हणाली, "उंदराला एवढं रगत असतंय का?" मी म्हणलं, घूस असेल.

१६ एप्रिल, बुधवार

काय लिहू.

सकाळी निघतानाच विभानं नाकाला पदर लावला. "अप्पा, गाडीत कायतरी मेलंय. जळका वास न्हाई हा, कुजका हाय." मी खूश झालो. म्हणलं, घूस मेली, काम फत्ते. काचा उघड्या ठेवून कलबुर्गीला गेलो. बाळ बरं आहे, डोकं खाली आलंय.

येताना कमलापूरला लाल केळी घेतली. मी दोन खाल्ली. साखर आहे मला, पण थोडी. गोळी घेतो, आठवण राहील तेव्हा.

मग चढ. अर्ध्यावर गेलो आणि गाडीनं जोर सोडला. मी रेस देतोय, इंजिन बोंबलतंय, गाडी पुढं जाईना. कागद जळल्याचा वास, धूर, आणि गाडी मागं सरकायली. मागं लॉरी होती. तिच्या ब्रेकचा आवाज माझ्या कानात अजून आहे. विभा "अप्पा" म्हणून ओरडली ती दोन वर्षांपूर्वीच्या त्या जीपमध्ये ओरडली होती तशी. मी हँडब्रेक ओढला. लॉरी आमच्यामागं हातभर अंतरावर थांबली.

आम्ही खाली उतरलो ते अनवाणीच. माणिकनगरला गाडीची पूजा करून आणल्यापासून आमच्याकडं गाडीत चपला घालून कुणी बसत नाही. देवघरात आपण चपला घालून जातो का? चपला मागं डिकीत असतात. दुपारचे दोन, डांबर पाघळायलेलं. मायलेकी नाचत नाचत कडेच्या गवतात गेल्या. मी मात्र रस्त्याच्या मधोमध पाय रोवून मागच्या गाड्यांना हात करत उभा राहिलो, चांगली दहा मिनिटं. लॉरीवाला म्हणाला, "काका, चप्पल तर घाला, पाय भाजायलेत." मी म्हणलं, माझं सोड.

गाडी थंड झाल्यावर रडतखडत घरी आली. दारात उतरल्यावर विभा म्हणाली, "अप्पा, मी ह्या गाडीत पुन्हा बसणार नाही. ह्यांना सांगून मी जीप ठरवते."

जीप म्हणाली ती. माझ्यासमोर. जावई महेशकुमार सोलापुरात नोकरीला, त्यांनी लगेच फोनवर होकार दिला. तोंड धुवायला म्हणून मागं गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. मला भीती वाटायलीय. गाडीची नाही. त्या वाट बघण्याची.

१७ एप्रिल, गुरुवार

सगळ्या सीटा काढल्या. मेलेलं काही नाही. वास आहेच.

२१ एप्रिल, सोमवार

मन्नाएखेळ्ळीला मडिवाळप्पा म्हणून एक म्हातारा मेस्त्री आहे. पंचाहत्तरीचा असेल. जन्म लॉऱ्यांखाली गेला त्याचा. शेवटचा उपाय म्हणून आज एकटाच गाडी घेऊन त्याच्याकडं गेलो. सगळं सांगितलं: कागद, घूस, डाग, कुजका वास. त्यानं बोनेट उघडलंच नाही. बाजूच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "चालवा मास्तर. मी पेशंटला चालताना बघतो, मग औषध."

मी चालवायलो. तो रस्त्याकडं बघत नव्हता. खाली माझ्या पायांकडं बघत होता. दोन किलोमीटर गेलो असू.

"मास्तर, क्लचवरचा पाय काढा."

"काढलाय."

"काढा की."

"अहो काढलाय. बाजूला चटईवर आहे."

"खाली बघा," म्हणाला.

मी गाडी कडेला घेतली आणि खाली बघितलं. पाय क्लचवर होता. अर्धा दाबून. माझाच पाय. मी त्याला चटईवर ठेवला होता, देवाशप्पथ ठेवला होता, तो चटईवर आहे असंच मला वाटत होतं, आणि तो तिथं पेडलवर कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा बसला होता.

मडिवाळप्पानं खाली उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं आणि काही न विचारता माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. माझ्यापेक्षा मोठा माणूस. मला लाज वाटली. त्यानं कुठंतरी दाबलं. "कळायलंय?" मी म्हणलं, दाबा की आधी. तो म्हणाला, "दाबलोय, मास्तर."

मग त्यानं मोबाईलवर तळपायाचा फोटो काढून माझ्यासमोर धरला. चवड्याला रुपयाएवढं भोक. कडा काळ्या. शेवटची दोन बोटं निळी-काळी. मी म्हणलं, हा कुणाचा आहे? खरंच विचारलं मी असं.

"घूस न्हाई ती," म्हणाला. "चटईवरचं रगत तुमचंच हाय. वास बी तुमचाच. साखर हाय का तुम्हाला?"

"थोडी आहे."

"आमच्या अण्णाला बी थोडीच होती. गुडघ्यापासून काढला पाय." त्यानं चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. "अर्ध्या दाबानं घासून क्लच प्लेट जळून कोळसा झालीय, तो कागदाचा वास तिचाच. ती मी नवी टाकतो. चावी तुम्हाला देत न्हाई." एकतीस वर्षांत माझ्या हातून कुणी काही असं काढून घेतलं नव्हतं. मी भांडायला पाहिजे होतं. मी बाजूच्या सीटवर सरकलो.

आपल्या एका मित्राची गाडी काढून त्यानंच मला घरी आणून सोडलं आणि नलिनीला सगळं सांगितलं. ती पाटावर बसली, कोमट पाण्यात माझा पाय घेतला. धुता धुता थांबली. नाकाशी हात नेला.

"हाच की वो," म्हणाली. "आठ दिवस झाले, अंथरुणात बी यायलाय हा वास. मला वाटलं, गाडीत हात घालून येताव म्हणून."

आठ दिवस. आणि मी सीटा काढत होतो.

विभा दारात उभी होती. तिनं फोटो बघितला. जीपबद्दल ती परत काही बोलली नाही, रागावली पण नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

आता खरं लिहितो. पहिल्या खेपेनंतर मी एकदाही साखर तपासली नाही. ती मुलगी गेली त्या दवाखान्यात पाऊल टाकायची इच्छा नव्हती, आणि मग कुठल्याच दवाखान्यात नव्हती. विभाला घेऊन जातो तेव्हा पण मी बाहेर गाडीतच बसतो. गाडी सांभाळतो, असं सांगतो.

२४ एप्रिल, गुरुवार

कलबुर्गी. विभाचं नाव घातलंय त्याच दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं काल काढली. साखर चारशे बारा होती. आठवडाभर आणखी थांबला असतात तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

ते ठीक आहे. मला हादरवलं ते वेगळंच. ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टरीण आली. डोळे मिटा म्हणाली, मी सुईनं हलकं टोचते, टोचलं की 'हो' म्हणा. मी डोळे मिटून बसलो. परीक्षा म्हणल्यावर मी सावध. ती सुरू कधी करते म्हणून वाट बघायलो. बराच वेळ गेला. शेवटी मीच म्हणलं, "करा की सुरू." ती म्हणाली, "झालं सर. दहा ठिकाणी टोचलं."

मग तिनं उजवा घेतला. दहातले तीन कळले.

उजवा पाय ब्रेकचा आहे.

नलिनी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा मी तिला हे सांगितलं नाही. त्या चढावर, मागं लॉरी असताना, मी ब्रेक दाबला होता की नुसता दाबल्यासारखा वाटला होता, हे मला आता कधीच कळणार नाही. हँडब्रेकला हात गेला म्हणून आम्ही आहोत. दोन वर्षं मी एका जीपवाल्याला शिव्या देत होतो. तो नुसता उशिरा आला होता. मी तर वेळेवर घेऊन निघालो असतो आणि तिघा-चौघांना मारलं असतं.

२७ एप्रिल, रविवार

डबा आला. मडिवाळप्पाचा निरोप आला, प्लेट बसली, पेडलला रबर पण घातलंय.

संध्याकाळी विभाला फोन केला. म्हणलं, जीप ठरवलीस का? ती म्हणाली, "न्हाई अप्पा. गाडी आपलीच न्यायची. चालवायला मडिवाळप्पा येणारेत. ते उद्यापासून आपल्या ओसरीवरच झोपायला येतो म्हणालेत." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली, म्हणून परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं.

३० एप्रिल, बुधवार

सकाळी नऊला नलिनीचा फोन. "कळा सुरू झाल्या, निघालो." एवढंच.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत पडलो. आता हल्लीखेड. आता चढाचा वरचा भाग असेल, जाताना तो उतार. आता कमलापूर. मी गाडी चालवत असतो तर हे काहीच मोजलं नसतं. वाट बघणं ते हेच, आणि ते मला करावंच लागलं. सव्वादहाला खाली हॉर्न वाजला. आमचाच, थोडा घोगरा. मी सिस्टरला म्हणलं, माझी गाडी आली.

थोड्या वेळानं मडिवाळप्पा वर आला. धोतराला ग्रीस. चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"वास?" मी विचारलं.

"न्हाई मास्तर. कसलाच न्हाई. तुमच्या लेकीनंच सांगितलं वाटेत, मी विचारलोच न्हाई."

मी चावी उचलली आणि त्याच्या हातात परत दिली. त्यानं नको म्हणलं नाही.

दुपारी सव्वादोनला मुलगी झाली. दोन किलो आठशे. महेशकुमार सोलापूरहून निघालेत, अजून वाटेत आहेत, म्हणून आई-आजीनंतर बाळाला बघायचा मान माझा. मला चाकाच्या खुर्चीतून खालच्या मजल्यावर नेलं. दोन वर्षांत बाळंतिणींच्या वॉर्डाच्या त्या दारातून मी पहिल्यांदा आत गेलो. विभा डोळे मिटून पडली होती, तिच्या शेजारी दुपट्यात ते. झोपलेलं, अगदी गप्प. इतकं गप्प की मला ती पहिली मुलगी आठवली. मी सिस्टरला विचारलं, "रडली ना?"

"रडली की, आजोबा. बघा हवं तर," म्हणाली आणि दुपटं बाजूला करून तिनं बाळाच्या तळपायावर बोटानं हलकी टिचकी मारली.

पाय झटकन आत ओढला गेला. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि सगळा वॉर्ड ऐकेल असा टाहो फोडला. प्रतिक्षिप्त क्रिया. नववीला मी हा धडा एकतीस वेळा शिकवलाय, मेणबत्ती आणि हाताची आकृती काढून.

मी म्हणलं, "दुसरा पाय पण बघा की एकदा."

सिस्टर हसली, पण तिनं मारली टिचकी. तो पण ओढून घेतला पोरीनं.

मग माझ्यानं राहवलं नाही. विभानं डोळे उघडले, माझ्या पायाच्या बँडेजकडं बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, रडायलाव कामून? पाय दुखायलाय का?"

मी म्हणलं, "न्हाई गं. दुखायला पाहिजे होता."